जिनिंगच्या शेडमधला फळा

शेडच्या दारातून आत शिरलं की उजव्या हाताला एक फळा टांगलेला होता. जिल्हा परिषदेच्या शाळेनं रंग उडाला म्हणून काढून टाकलेला. मी त्याला काळा ऑइलपेंट मारला आणि तो शेडमध्ये आणून लावला. त्या शेडमध्ये आम्ही गावकऱ्यांनी मिळून इथर हे आभासी नाणं काढण्यासाठी संगणकाची ग्राफिक्स कार्डं चालवली. त्यावर रोज संध्याकाळी सात वाजता पाच ओळी लिहायच्या: मीटरचं रीडिंग, चालू कार्डं किती, काल किती इथर निघालं, आजचा भाव, आणि खर्च वजा जाता हाती किती. जुलै २०२१ ते जून २०२२ या काळात तो एक दिवसही कोरा राहिला नाही. मला ताप आला तेव्हा राखणदार काकांनी लिहिला, दिवाळीच्या दिवशीही लिहिला.

आमचं गाव हिंगणघाटपासून चौदा किलोमीटरवर. माझं छोटं दुकान आहे. कॉम्प्युटर दुरुस्ती, सातबारा, पीकविम्याचे अर्ज. घरी एका ग्राफिक्स कार्डावर मी काही वर्षं इथर काढत होतो. २०१८ च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांना या व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं तेव्हा कार्ड काढून ठेवलं. ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं आणि मी कार्ड परत बसवलं. लॉकडाऊनमध्ये दुकानात बसणारे दोघंतिघं रोज स्क्रीनकडे बघत. त्यातूनच विषय निघाला, की हे मोठं करायचं तर गावानं मिळूनच करावं.

पहिली बैठक फेब्रुवारी २०२१ मध्ये मारुतीच्या पारावर झाली. मी सांगितलं की इथर ज्या जाळ्यावर चालतं त्या इथरियमवर होणारे व्यवहार वहीत चढवण्याचा मान ज्याला मिळतो त्याला नवं नाणं मिळतं, आणि तो मान मिळवायला एक कोडं सोडवावं लागतं. डोकं लावून ते सुटत नाही, नुसते अंदाज मारत राहावे लागतात. आपली अठ्ठेचाळीस कार्डं सेकंदाला १४४ कोटी अंदाज मारतील. एकट्यानं मारले तर नाणं कधी लागेल याचा भरवसा नाही, म्हणून जगभरातले हजारो लोक एका पूलमध्ये येतात आणि ज्यानं जितके अंदाज मारले त्याला तितका वाटा मिळतो.

सगळ्यांचं ऐकून झाल्यावर बचत गटातल्या एक काकू बोलल्या. नवरा गेल्यावर सहा एकर एकटीनं कसणारी बाई. "मले एकच सांग. मशीन बंद पडली तं माहे पैसे कोणाजवळ असन?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला त्या रात्री देता आलं नाही. पैसे दुप्पट करून देतो म्हणणारे आमच्या भागात येऊन गेलेले आहेत आणि गावातली काही घरं त्यात बुडालेली आहेत. मी नुसतं "विश्वास ठेवा" म्हटलं असतं तर माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला असता? दुसऱ्या दिवशी वर्ध्याच्या सीएकडे गेलो.

सीएनं दोन रस्ते समोर ठेवले. एक म्हणजे खाजगी कंपनी. तिच्यात दोनशेपर्यंत भागधारक चालतात, पण घातलेलं भांडवल परत काढायचं झालं तर प्रक्रिया किचकट. दुसरा म्हणजे एलएलपी, मर्यादित दायित्वाची भागीदारी, २००८ च्या कायद्याखालची. तिच्यात भागीदारांच्या संख्येला वरची मर्यादा नाही, तोटा झाला तरी कोणाच्या शेतावर किंवा घरावर येत नाही, आणि करारात लिहिलेल्या पद्धतीनं पैसे वाटता येतात. दरमहा अमुक टक्के देतो असं छापून लोकांकडून पैसे घेणं मात्र गुन्हा. २०१९ चा अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणारा कायदा त्यांनी उघडून दाखवला. आम्ही एलएलपी घेतली. गावात सगळे तिला कंपनीच म्हणत आणि स्वतःला शेअरवाले.

एक भाग पाच हजारांचा. तीनशे साठ भाग, म्हणजे अठरा लाख. एकतीस जण. माझे चाळीस भाग, बाकी कोणत्याही घराला वीसच्या वर नाही. पीककर्ज उचलून किंवा दागिना गहाण टाकून पैसे आणायचे नाहीत, हे मी करारात घातलं. सीए म्हणाले, हे कायद्यात लागत नाही. मी म्हटलं, गावात लागतं. पंचवीस लाखांच्या आत भांडवल आणि चाळीस लाखांच्या आत उलाढाल असली की एलएलपीला ऑडिटची सक्ती नसते, तरी आम्ही ऑडिट करून घेतलं. एका बँकेनं व्यवसायाचं स्वरूप वाचूनच खातं नाकारलं. दुसरीनं पाच आठवड्यांनी उघडलं.

बिटकॉइन का नाही, हे बरेच जण विचारायचे. बिटकॉइनला खास त्याच्यासाठीचंच मशीन लागतं. एकेक मशीन सव्वातीन किलोवॅट वीज खातं, जातं चालू असल्यासारखा आवाज करतं, आणि त्याची कमाई संपली की भंगार. ग्राफिक्स कार्ड उद्या गेम खेळणाऱ्या पोराला किंवा व्हिडिओ एडिटिंगवाल्याला विकता येतं. दुसऱ्या बाजूला, इथरियम ही कोड्याची पद्धत कधीतरी बंद करणार हे त्याच्या कर्त्यांनी आधीपासून जाहीर केलेलं होतं. तारीख ठरलेली नव्हती. मी बैठकीत दीड-दोन वर्षं धरा असं सांगितलं आणि ते वाक्य प्रत्येकाच्या सहीच्या वर लिहून घेतलं.

आरएक्स ५८० ही आठ जीबीची कार्डं ठरवली. तेव्हा चार जीबीची कार्डं स्वस्तात मिळत होती, कारण डिसेंबर २०२० मध्ये इथरियमची डॅग फाइल, म्हणजे कार्डाच्या मेमरीत राहावी लागणारी फाइल, चार जीबीच्या बाहेर गेली होती. स्वस्त दिसतं म्हणून ती घेऊन फसलेले लोक मी पाहिले. मार्चमध्ये नागपूरच्या सीताबर्डीतून सोळा कार्डं घेतली, सत्तावीस हजारांना एक. मग दुसरी लाट आली. दोन महिने कोणाला कशाचं सुचत नव्हतं. गावात सहा माणसं गेली, त्यातले एक आमचे भागधारक. त्यांचे भाग मुलाच्या नावे केले. मे-जूनमध्ये चीननं मायनिंगवर, म्हणजे अशी नाणी काढण्यावर, बंदी आणली, जुन्या कार्डांचे भाव उतरले, आणि उरलेली बत्तीस कार्डं हैदराबादहून साडेबावीस हजारांनी मिळाली. त्यातली तीन निघाली स्टिकर आठ जीबीचं आणि आत चार जीबी. दुकानदार फोन उचलेना. मी रेल्वेनं जाऊन त्याच्या काउंटरवर दिवसभर बसलो तेव्हा बदलून दिली.

जागा मिळाली बंद पडलेल्या जिनिंगची, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याची. उंच छप्पर, जाड भिंती, मागे स्वतःची विहीर, भाडं महिना पाच हजार. जुनं वीज कनेक्शन कायमचं तोडलेलं, गावात म्हणतात तसं पीडी झालेलं, आणि त्याच्यावर थकबाकी. ती आधी मालकाकडून भरून घेतली, मगच नवीन मीटरसाठी अर्ज केला. एकानं सुचवलं की वावरातल्या विहिरीवरच्या पंपाच्या कनेक्शनवर चालवू, दर किती कमी आहे! शेतीची वीज दुसऱ्या कामाला वापरली तर वीज कायद्याच्या १२६ कलमाखाली दुप्पट दरानं आकारणी होते, हा एक भाग. दुसरा भाग असा की त्या डीपीवर अजून अकरा शेतकऱ्यांचे पंप आहेत. आमच्या लोडनं ती जळली असती तर त्यांचा हरभरा वाळला असता. आम्ही व्यापारी दराचं मीटर घेतलं. सगळे आकार धरून युनिटला साडेअकरा रुपये पडायचे.

सुरू करायच्या आधी पंधरा दिवस नुसती साफसफाई केली. जिनिंग बंद होऊन नऊ वर्षं झाली होती तरी छताच्या कैच्यांवर, भिंतीच्या फटींमध्ये रुईचे तंतू अडकलेले. पंखा लावला की ते उडायचे आणि कार्डाच्या हीटसिंकमध्ये नमद्यासारखे बसायचे. ब्लोअरनं तीनदा झाडलं, मग छताच्या आतून शेडनेट ताणली. अर्थिंगसाठी दोन खड्डे खोदून कोळसा-मीठ भरलं. सर्व्हो स्टॅबिलायझर बसवला. आठ कार्डांची एक अशा सहा रिग, लाकडी चौकटींवर, गावच्या सुतारानं बनवलेल्या.

आता उष्णतेबद्दल, कारण वर्षभर खरं काम तेच होतं. कार्डं आणि बाकी यंत्रं मिळून साडेसहा किलोवॅट. जेवढी वीज आत येते तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. नाणं ठेवायला त्यातलं काहीच लागत नाही. म्हणजे पाणी तापवायच्या साडेसहा रॉड एका खोलीत रात्रंदिवस चालू. प्रत्येक कार्डाचा कोअर क्लॉक, म्हणजे चिपचा वेग, ११५० मेगाहर्ट्झवर आणि व्होल्टेज साधारण ८७० मिलिव्होल्टवर उतरवलं की अंदाजांचा वेग कमी होत नाही आणि वीज मात्र तीस-चाळीस वॅटनं वाचते. अठ्ठेचाळीस कार्डांना हे एकेक करून करावं लागतं, कारण जुळी दिसणारी दोन कार्डंसुद्धा सारखी वागत नाहीत. एक ८५० वर शांत चालेल, दुसरं तिथे दर तासाला अडकेल. प्रत्येक कार्डाची वही मी ठेवली होती.

पावसाळ्यात हवा दमट, त्यामुळे नुसते एक्झॉस्ट पंखे. नोव्हेंबरात हरभऱ्याला ओलीत सुरू झालं आणि रात्री व्होल्टेज १७० पर्यंत उतरायला लागलं. शेजारच्या चंद्रपूरला २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आहे, आणि त्याच्यापासून काही तासांवर आमच्या शेडमधला बल्ब रात्री पिवळा पडायचा. स्टॅबिलायझरनं ते सांभाळलं, पण एक रात्र आठवते.

राखणदार काका पूर्वी त्याच जिनिंगमध्ये मशीनवर होते. अठ्ठावीस वर्षं त्यांनी रोलरचा आवाज ऐकून कुठलं बेअरिंग जाणार ते सांगितलेलं. त्या रात्री अडीच वाजता त्यांचा फोन आला. "चार नंबरचा आवाज बदलला. ये लवकर." मोबाइलवर बघितलं तर चार नंबर रिग हिरवी, आठही कार्डं चालू. तरी गेलो. काका रिगसमोर कान लावून उभे होते. मला काही ऐकू येईना. त्यांनी बोटानं दाखवलं, तिसऱ्या कार्डाखालचा रायझर, म्हणजे कार्ड मदरबोर्डला जोडणारी पट्टी. वीज बंद करून तो काढला तर प्लास्टिकचा कनेक्टर मऊ झालेला, पिवळ्या वायरीचं कव्हर फुगून तपकिरी पडलेलं, बोटाला चिकटत होतं. रायझरला वीज पुरवायला मी चार ठिकाणी साटाचा, म्हणजे हार्डडिस्कसाठीचा, कनेक्टर वापरला होता, जो एवढा प्रवाह झेलायला बनलेलाच नसतो. हे मला माहीत होतं. सहा पिनांच्या केबल कमी पडल्या म्हणून तात्पुरतं लावलं आणि राहून गेलं. लाकडी चौकट, वर नेट, नेटच्या वर नऊ वर्षांची रुई. अजून अर्ध्या तासानं काय झालं असतं ते मी फळ्यावर त्याच दिवशी लिहिलं, माझ्या नावासकट. पुढच्या बैठकीत काकांचा पगार नऊ हजारांवरून साडेदहा झाला आणि लाकडाच्या जागी लोखंडी अँगल आले.

कमाई पहिल्या काही महिन्यांत चांगली होती. ऑगस्टपासून महिन्याला पावणेदोन लाखांच्या वर इथर निघायचं, वीजबिल त्रेसष्ट हजारांच्या आसपास. नोव्हेंबरात एका इथरचा भाव साडेतीन लाखांवर गेला. तेव्हा माझ्यावर दबाव आला, की विकू नका, साठवा, सहा लाख होणार. आमचा ठराव होता की दर महिन्याच्या पाच तारखेला निघालेलं सगळं विकायचं, बिलं भरायची आणि तिमाहीला वाटप करायचं. मी ठरावाला धरून राहिलो. दोन भागधारक माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. भावावर डाव लावायला त्यांनी मला पैसे दिले नव्हते. मशीन चालवायला दिले होते. पाच हजारांच्या भागावर ऑक्टोबरात सहाशे, जानेवारीत साडेसहाशे, एप्रिलमध्ये चारशे रुपये खात्यात गेले.

इथर विकेपर्यंत ते ठेवायचं कसं, यात काकूंच्या प्रश्नाचं खरं उत्तर होतं. हार्डवेअर वॉलेट, म्हणजे नाण्यांची गुप्त किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र, घेतलं. त्याचे चोवीस शब्द ज्याच्याकडे त्याचे पैसे. ते मी एकटा जाणणार, हे मला नको होतं. निवृत्त गुरुजींच्या समोर ते दोन कागदांवर लिहिले, दोन पाकिटांत घातले, तोंडावर लाख ओतून तिच्यावर काकूंच्या अंगठीचा ठसा घेतला. एक पाकीट बँकेच्या लॉकरमध्ये, एक गुरुजींच्या कपाटात. यंत्र माझ्याकडे, पण त्याचा पिन अर्धा मला आणि अर्धा गुरुजींना ठाऊक. महिन्याची विक्री करायची तर दोघांनी शेजारी बसायचं. शब्द लिहिताना आम्ही दोघांनीही पाहिले होते, तेवढा धोका उरला. तो बैठकीत सांगितला आणि मंजूर करून घेतला.

१ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात आभासी डिजिटल मालमत्तेवर ३० टक्के कर आला, १ एप्रिलपासून लागू. नाणं विकत घेतल्याच्या किमतीशिवाय कसलीच वजावट नाही. मार्चमध्ये सरकारनं संसदेत स्पष्ट केलं की मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च खरेदीची किंमत म्हणून धरला जाणार नाही. आम्ही नाणं विकत घेत नव्हतो, काढत होतो. म्हणजे आमची खरेदी शून्य आणि पूर्ण विक्रीवर कर. शेतकऱ्याला बी, खत, मजुरी धरू न देता कापसाच्या पट्टीवर कर लावावा तसं हे होतं. हे मला आजही अन्यायाचं वाटतं. कर भरायला कोणाची ना नव्हती. आधीच्या वर्षाचा आम्ही वेळेवर भरला होता.

त्यात उन्हाळा. दुपारी बाहेर ४५ अंश. कूलरच्या जाड पुठ्ठ्याच्या पॅडची भिंत उभी केली होती. आमच्याकडची हवा कोरडी म्हणून तिच्यातून येणारा वारा २९-३० अंशांचा असायचा, हे विदर्भाचं खरं वरदान. पण त्याला दिवसाला सहा-सातशे लिटर पाणी लागायचं. विहीर आमची होती, क्षारांनी पॅड पांढरी पडत होती तेही चाललं असतं. पण मेच्या दुसऱ्या आठवड्यात गावात नळ एक दिवसाआड आला आणि शेजारच्या आळीतल्या बाया घागरी घेऊन त्याच विहिरीवर आल्या. आम्ही त्याच दिवशी दुपारी बारा ते पाच सगळ्या रिग बंद करायचं ठरवलं. कोणालाही विचारायची गरज पडली नाही.

मेच्या मध्याला एक दिवस ढगाळ गेला, मशीन पूर्ण चोवीस तास चालली. त्या दिवसाचा हिशेब फळ्यावर असा होता: उत्पन्न ३,०५०. कर आणि सेस ९५०. उरले २,१००. वीज २,१८५. काकांचा पगार आणि भाडं त्यात धरलेलंच नव्हतं. १३ जूनच्या सुमारास इथर एक लाखाच्या खाली गेला. १५ तारखेला बैठक, एकतीसपैकी सव्वीस जण बंद करण्याच्या बाजूनं. १६ जूनला संध्याकाळी सात वाजता फळा लिहून झाल्यावर मी एकेक रिग उतरवली. काकांनी मेन स्विच खाली केला. वर्षभरानंतर शेडमध्ये पाखरांचा आवाज ऐकू आला.

कार्डं लगेच विकायला काढली. थांबून भाव वाढतील असं काहींना वाटत होतं, पण इथरियमचा बदल जवळ येत होता आणि तो झाला की जगभरची कार्डं एकदम बाजारात येणार हे उघड होतं. तीन कार्डं वर्षात गेली होती. पंचेचाळीस कार्डं सरासरी ८,४०० ला गेली. ती मायनिंगची आहेत हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं, कार्डाची वही दाखवली, थर्मल पेस्ट नवी लावून दिली. त्यामुळे चार गिऱ्हाइकं परत गेली. १५ सप्टेंबर २०२२ ला इथरियमनं कोड्याची पद्धत कायमची सोडली, तोवर आमच्याकडे एकही कार्ड उरलेलं नव्हतं. पॅड आणि पंखे एका भागधारकानं कोंबड्यांच्या शेडसाठी घेतले, गावच्या भावानं, लिलाव करून.

शेवटचं वाटप भागाला १,७१० रुपये. सगळे मिळून पाच हजारांचे ३,३६० परत आले. म्हणजे एका भागामागे सोळाशे चाळीस रुपये बुडाले. ज्यांचे वीस भाग होते त्यांचे बत्तीस हजार आठशे. आमच्याकडे तेवढ्यात एका पोराचं वर्षाचं होस्टेल होतं. हे आकडे मी बैठकीत उभं राहून वाचले. गुरुजींनी सगळी बिलं पुन्हा बेरजेला घेतली. एका टेम्पोच्या भाड्यात चाळीस रुपयांचा फरक निघाला. तो माझा होता, मी भरला.

मग दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली. काकू पुढे आल्या. पदरानं चष्मा पुसून त्यांनी लाखेवरचा ठसा पाहिला, अंगठी काढून त्याच्यावर टेकवून पाहिली, एक पाकीट आणि मग दुसरं. मी लॅपटॉपवर वॉलेट उघडून शून्य दाखवलं. काकूंनी पाकिटं स्वतः फोडली, कागद चुलीत घातले, आणि पावतीवर सही करायला पेन मागितला.